आत्या भाड्याच्या कप्प्यात आहे

न्यू ऑर्लिन्स,
ऑक्टोबर

प्रिय अल्सीद,

तुझी युलाली आत्या गेली. हे आधी लिहून टाकते, बाकीचं मग. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. आदल्या दिवशी सोमवार, म्हणून आपल्या रीतीप्रमाणे राजमा-भात केला होता. पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कुणासाठी वाचवतेस गं, व्हर्जी?" झालं, तेच शेवटचं बोलणं. आशीर्वाद-बिशीर्वाद काही नाही. तुमच्या दुपार आडनावाच्या घराण्यात कुणाच्या तोंडून गोड शब्द निघालाय कधी? माझं लिहिणं तुला ठाऊक आहे, चौथीत शाळा सुटली. चुका काढत बसू नकोस.

इथलं सगळं तसंच आहे. मी अजून त्याच पाहुणेघरात खोल्या झाडते. परवा ओहायोची एक बाई सज्ज्यातल्या लोखंडी कठड्यावरून हात फिरवत मला म्हणते, "अहाहा, अगदी युरोप! किती भाग्यवान हो तुम्ही, इथं राहता!" मी संडासाचा ब्रश घेऊन उभी. म्हटलं, "हो ना बाई. आता जरा पाय उचला, युरोपची फरशी पुसायचीय." मालकीण माझ्यावर उखडली. खालून बग्गीवाला गिऱ्हाइकांना थापा मारत चालला होता, हा वाडा फ्रान्सच्या कुठल्या राजासाठी बांधला म्हणे. त्याचं खेचरसुद्धा ऐकून कंटाळलेलं दिसलं मला.

तुझं डोकं याच बोलण्यानं फिरलं. हॉटेलच्या भटारखान्यात उभा जन्म काढलास आणि परक्यांच्या तोंडून ऐकत राहिलास, हे फ्रान्ससारखं, ते फ्रान्ससारखं. मग एक दिवस म्हणालास, "नक्कल किती दिवस बघू? अस्सल काय ते एकदा बघून येतो." बघून येतो म्हणाला होतास, अल्सीद. आपली नोएली तेव्हा सहावीत होती. फ्रान्समधल्या बोर्दोहून तुझं पहिलं कार्ड आलं, त्यात तू लिहिलंस की इथले सज्जे हुबेहूब आपल्यासारखेच, पण संध्याकाळी दारात कुणी बसत नाही, समोरच्या घरातून कुणी हाक मारत नाही. नोएलीनं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे बाबा आपल्याच गल्लीत गेलेत, फक्त आपण तिथे नाही." आत्या हसली. मी उठून भांडी घासायला गेले.

तू गेल्यावर आत्या माझ्याकडेच राहिली. रक्ताची नाही, काही नाही, वर रोज भांडण. कॉफी पातळ झाली, पडदा मळला, मी जाडी झाले. पण नोएलीचा दमा उसळला की रात्रभर पाठ चोळत बसायची ती म्हातारीच. तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. म्हणायची, "जन्मभर भाड्याच्या खोल्यांत काढलं. मेल्यावर मला आमच्या दुपार घराण्याच्या कबरीत ठेवायचं, माझ्या भावाजवळ. ती विटांची खोली तरी माझी स्वतःची आहे."

आणि मी तिला कुठं ठेवलंय? दफनभूमीच्या भिंतीतल्या भाड्याच्या कप्प्यात. आख्खी गल्ली मला शिव्या घालतेय. शेजारची ओझान तर तोंडावर म्हणाली, "म्हातारीनं कॉफीला नावं ठेवली त्याचा सूड काढतेस होय गं?" फादरांनी नीट विचारलं, "व्हर्जी, शेवटचं दफन होऊन वर्ष आणि एक दिवस केव्हाच उलटला. आता कबर उघडायला हरकत काय?" हरकत काहीच नाही. रीत मलाही कळते. आपल्याकडचा एक उन्हाळा त्या विटांच्या आत भट्टीसारखा पेटतो आणि आपलं काम उरकतो. मग पुढच्या माणसाला जागा होते. असंच चालत आलंय.

पण शेवटचं दफन कुणाचं, ते फादर बोलले नाहीत. गेल्या वर्षी ऑगस्टात त्या दफनाला तू आला नाहीस. का नाही आलास ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. कबरीच्या पुढच्या पाटीवर आपल्या लेकीचं नाव सगळ्यात खाली आहे, अजून काळं कुळकुळीत. मागच्या महिन्यात एक पाहुणा त्यावर पाठ टेकून फोटो काढून घेत होता. "किती युरोपियन दिसतं ना!" मी झाडू घेऊन धावले. पळाला बिचारा. वीस-बावीसचा असेल, तिच्याच वयाचा.

आता कशासाठी लिहितेय ते सांगते. तुमच्या घरात आधीच्या माणसाच्या हाडांना गवंडी हात लावत नाही. शवपेटीचा भुगा बाजूला करून घरच्यानंच ती गोळा करायची आणि खालच्या खड्ड्यात थोरांजवळ ठेवायची. तुझ्या बापाचं तू केलंस. बाहेर आलास, हात धुतलेस आणि म्हणालास, "सगळे भेटले एकमेकांना." मग पोटभर गम्बो खाल्लास. मी आत्यासाठी गवंड्याला बोलावलं होतं रे. त्यानं छिन्नी लावली, पहिली वीट हलली आणि मी त्याचा हात धरला. तो वीट परत बसवून निघून गेला. लोकांचे हजार बिछाने झाडलेत मी, हे एक माझ्याच्यानं होत नाही. नोएली तुझी पण आहे. मृतांच्या सणाआधी ये. कबरीला चुना मी लावून ठेवते, फुलं मी आणते. नंतर हवं तर त्याच दिवशी परत जा, मी अडवणार नाही, एक शब्द बोलणार नाही. दवाखान्यात तिला शेवटचं उचललं तेव्हा ती माझ्या हातांना जड झाली होती. आता ती किती हलकी भरते, ते मला एकटीला कळायला नको.

दुसरं कुणी नाही, म्हणून अजून तुझीच,
व्हर्जी