घरी पोचलेल्या गोष्टी

४ जाने.
ननंद मीना सुरतची नोकरी सोडून परत आली, तेव्हापासून सासूबाई तिच्याशी धड बोलत नाहीत. ती मात्र घरातल्या जुन्या कॉम्प्युटरशी झटतेय. आज मोठी डिस्क बसवली. "वहिनी, आते फोन घरना वायफायले लागना का फोटो, आवाज आपोआप यामा उतरतीन."
सासूबाई : "आनि हाई बी बिघडनं तं?"
"त्यान्हासाठे दुसरी डिस्क शे ना, माय."
किती शांतपणे सांगते! मला नाही जमलं असतं.

९ जाने.
सासूबाईंच्या फोनमधले सासऱ्यांचे फोटो उतरले. शेवटच्या वर्षातले. मोठ्या पडद्यावर बघताना पदर डोळ्यांना. मग स्वतःच उठून मीनाला चहा दिला. 

१७ जाने.
तोरणमाळ. माझ्या शाळेतल्या पोरांसाठी इथल्या रुमलीआजीच्या पावरी बोलीतल्या गोष्टी रेकॉर्ड करतेय. आज तिने अस्वलाच्या लग्नाची सांगितली. पूर्ण अशी कुणालाच सांगितली नव्हती म्हणे. निघताना तलावावर हात धुवायला वाकले, फोन पाण्यात. गेलाच.
रडतच घरी. मीनाने कॉम्प्युटर उघडला. आधीच्या सगळ्या गोष्टी होत्या! एकही कमी नाही. तिला मिठीच मारली.
अस्वलाची मात्र नाही. फोन घरी पोचलाच नव्हता ना. मीनाने गोलगोल बोलून लपवलं नाही. "आजनी नही वाचनी, वहिनी." बरं वाटलं तिचं असं सरळ बोलणं.

२० जाने.
मीनाने तिचा जादा फोन दिला, वर एक पेनड्राइव्ह. "घर येवानी वाट देखू नको. तठेच कॉपी करी ले."
सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "मन्ही पोरनी करं हाई सगळं." मीना आत भाजी चिरत होती. सुरी थांबली क्षणभर.

२५ जाने.
पुन्हा वर तोरणमाळला. आजीला तिच्याच जुन्या गोष्टी ऐकवल्या. तोंडावर हात धरून हसली, सुनेला हाका मारून बोलावलं. "कुणी सांभाळल्या?" मीनाचं नाव सांगितलं.
अस्वलाची परत सांगशील? दम लागत होता तिला. सून म्हणाली, आज नको. आजी म्हणाली, "मोहाची फुलं गळायला लागली की ये. तिलाही आण."
घाटाच्या वळणांना मीना फार घाबरते. तरी घरी येऊन सांगितलं तर लगेच म्हणाली, "येसू."
मोहाला अजून कळीही नाही. आजीची तब्येत तोवर टिकू दे...