शिल्लक गोळ्यांचा रकाना

ता. ९, दुपार

चि. ठमे,

खूप आशीर्वाद. देव तुम्हा सगळ्यांना सुखात ठेवो. इकडे ठीक आहे. बाबांच्या कपाळावरची जखम सुकत आली. फोनवर तुला म्हणाले ना, "दार लागलं"? मी शेजारीच होते, गप्प बसले. डोळे गेल्यापासून त्यांचे कान इतके तिखट झालेत की घरात कुजबुजायची सोय नाही, म्हणून हे पत्र.

दार लागलं नव्हतं. साखर उतरली, चक्कर आली आणि बाथरूमच्या उंबऱ्यावर पडले.

तू औषधांची स्प्रेडशीट करून दिलीस, कॉम्प्युटर ती वाचतो, ते ऐकून बाबा गोळ्या घेतात. मला मेली हिशेबाची खोड! औषधं वाया जाऊ नयेत म्हणून नावांपुढे मी "शिल्लक" असा रकाना घुसवला. साखरेच्या गोळीपुढे दोन लिहिले. यंत्र नुसतं "दोन" म्हणालं. डॉक्टरांनी वाढवली असेल असं वाटून यांनी दोन्ही घेतल्या.

मी म्हटलं, "अहो, विचारायचंत तरी!"

"गोळी गोळीला तुला हाक मारू? मग तक्ता कशाला, घंटाच बांध गळ्यात."

दवाखान्यात अंधांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, तक्त्याच्या वर चौकटी जोडून तू केलेली रंगीत पट्टी डोळ्यांना छान, पण त्यातले शब्द मथळे आहेत हे यंत्राला कळत नाही. बाबा पहिल्यापासून बटण किती वेळा दाबलं ते मोजून सकाळ-रात्र ओळखत होते; माझा रकाना मध्ये आला आणि सकाळच्या जागी शिल्लक ऐकू आली. तू हौसेने केलंस, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत.

बाईंसमोर बसून मी पट्टी मोडली, रिकाम्या ओळी काढल्या. प्रत्येक रकान्याला साधं नाव दिलं, ती ओळ मथळ्याची म्हणून नेमली, औषधांची नावंही तशीच. शिल्लक वेगळ्या पानावर हलवली. आता यंत्र स्पष्ट बोलतं, "साखरेची गोळी, सकाळ, एक."

पण बाबा तिकडे फिरकतच नाहीत. "तूच दे," म्हणून हात पुढे करतात. देवाकडे त्यांच्यासाठी धीर मागायला बसते आणि मनात येतं, राहू दे असंच, निदान पडणार तरी नाहीत. ठमे, असलं मागणं माझ्या तोंडी यावं?

तू फोन कर. पडल्याचं काढू नकोस. "बाबा, नवा तक्ता नीट बोलतो का, ऐकून सांगा," एवढंच म्हण. तुझं ऐकतील. मी म्हटलं की हातच पुढे येतो.

त्या हातावर गोळी ठेवणारी,
तुझी आई