फोनला परतीची बस नसते

४ फेब्रुवारी, मंगळवार

बसली! माझ्या मशीनवर! आणि लागलं तिला!

मी खुर्ची पुढे कलवून मशीनला टेकवून ठेवली होती. म्हणजे जागा धरलेली आहे — अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी बाथरूमला जाऊन येईस्तोवर असुंताबाईंनी खुर्ची सरळ केली, बूड टेकवलं, बटण दाबलं. तीन चेरी! घंटा, दिवे, टाळ्या! सकाळपासून चारा मी घातला, दूध हिनं काढलं.

"वन्सं, टेकवलेली खुर्ची दिसली नाही?"

"खुर्चीवर काय तुझं नाव कोरलंय, फिलो?"

परतताना हॅमंटन गाव येईपर्यंत बसमधल्या चर्चच्या बायकांना तेच रंगवून सांगत होती. नवऱ्याची बहीण म्हणून इतकी वर्षं गिळलं. आता नाही.

५ फेब्रुवारी

नवऱ्याला, कार्माइनला सांगितलं. कणीक मळता मळता म्हणाला, "ताईला लागलं ना? मग घरातच आलं की." घरात कुठे? तिच्या पर्समध्ये! सासऱ्यांनी बेकरी दोघांना अर्धी अर्धी दिली. भट्टीपाशी राबतो हा, आणि अर्धा नफा गल्ल्यावर बसणाऱ्या बहिणीला! तिचा वाटा तिच्या हातून सुटला पाहिजे. तिनं स्वतःहून विकला पाहिजे. तेव्हाच माझ्या जिवाला थंडावा.

१८ फेब्रुवारी

चेरीची अख्खी रांग उचलून नेली! गालिच्यावर नुसते ठसे. कॅसिनोचा टी-शर्ट घातलेली एक मुलगी म्हणे, "मावशी, आता सगळं फोनवर. तीच चेरी, तीच घंटा, घरबसल्या!"

परतताना डोक्यात तेच. चार वाजता ड्रायव्हर भोंगा वाजवतो म्हणून आम्ही उठतो. नाहीतर कितीजणी अंगावरचा कोट विकून खेळल्या असत्या. फोनवर कोण भोंगा वाजवणार?

सुचलं!

१९ फेब्रुवारी

गोड बोलून तिचा फोन घेतला. ते खूळ आत घातलं, नाव-पत्ता भरला, बँकेचं कार्डही जोडून दिलं. "किती गं माझी काळजी तुला!" म्हणाली.

आहेच मुळी!

४ मार्च

बसला आली नाही. हा हा!

२३ मार्च, रविवार

जेवायला आली होती. मॅकरोनी नुसती चिवडत बसली. डोळे खोल गेलेत. दोनदा कार्माइनकडे बघून काहीतरी बोलायला गेली आणि पुन्हा ताटात बघू लागली.

"बरं नाही का, वन्सं?"

"झोप लागत नाही गं."

लागली कीड! मी तिच्या ताटात आणखी एक खिम्याचा गोळा वाढला. इतकं मनापासून तिला कधी वाढलं नव्हतं.

कार्माइन बिचारा मात्र बहिणीच्या वाटचंही काम ओढतोय. हल्ली हिशेबाला म्हणून पिठाच्या खोलीत बसतो तो बाहेरच येत नाही. परवा भट्टीतला पाव करपला. गिऱ्हाइकं ओरडून गेली. थोडे दिवस सोस रे बाबा, सगळी बेकरी तुझीच होणार आहे.

१४ एप्रिल

वकिलाकडे गेली! कार्माइनलाही घेऊन गेली. विकतेय, वाटा विकतेय!

मी पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं. सासऱ्यांचं नाव खोड म्हटलं. 'कार्माइन आणि फिलोमेना' — ठसठशीत, लाल रंगात. पहिल्यांदा माझं नाव लागणार!

१५ एप्रिल

असुंतानं पाटीवाल्याला दारातूनच परत पाठवलं.

"मला ते फोनवरचं काही जमेना, फिलो, म्हणून कार्माइनला दाखवलं. त्यानं स्वतःच्या फोनवर घेतलं. पिठाच्या खोलीत बसून होतं नव्हतं ते घालवलं त्यानं. तुला सांगू नकोस म्हणून माझ्या पाया पडला. त्याचा वाटा परक्याच्या घशात गेला असता, म्हणून मीच विकत घेतला."

रडत होती. खोटं नव्हतं ते रडणं.

उद्यापासून आम्हा दोघांना पगारावर ठेवते म्हणाली.