आग कुठं विझली होती, बाबा

बाबा, इतक्या उशिरा लिहितोय, रागावू नका. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मोजायचंही मी सोडून दिलंय. चौथीत शाळा सुटलेला माणूस मी, चुका होतील. पण येत्या रविवारी उदगीरला तुमच्या धाकट्याचा सत्कार आहे. खाणीतून परत आलेले आपले जुने लोक करतायत, आणि दोन शब्द मी बोलायचेत. म्हणून हा कागद घेऊन बसलोय.

तुम्ही आम्हा दोघांना मुखेडच्या कोरडवाहू रानातून उचलून तेलंगणातल्या कोळशाच्या खाणीत नेलंत, तेव्हा तुम्ही भुकटीच्या टोळीचे मुकादम होता. जमिनीखालच्या गल्ल्यांत चुनखडीची पांढरी भुकटी फेकायची, म्हणजे साचलेली कोळशाची धूळ पेट घेत नाही, हे आपलं काम. तेलुगू गडी आपल्याला 'पिंडीवाले' म्हणजे पीठवाले म्हणून हसायचे, विचारायचे, "आज भाकरी कुणाच्या घरची?" तुम्ही म्हणायचात, "भाकरी कशाची, तुझं तेरावं लांबवून राहिलो, लेका."

एक दिवस तुम्ही आम्हाला छताखाली आडव्या फळ्या मांडून त्यांवर भुकटीचे ढीग रचायला लावलंत. मी मांडव घालावा तशी एकेक फळी सुतळीनं आवळून बांधली. धाकटा नेहमीसारखा नुसत्या टेकवून मोकळा झाला. तुम्ही माझी गाठ बोटानं ओढून पाहिलीत आणि सगळ्यांदेखत ओरडलात, "आरं, पडायसाठीच ठिवलीय ती! आगीच्या आधी वारं येतं. त्या वाऱ्यानं फळी उलटली पायजे, भुकटी उधळली पायजे, तवा मागची आग मरती. तू तर तिला दावणीला बांधलंस!" मग त्याच्या फळ्यांकडं बोट केलंत, "ह्याचं बघ. लई झ्याक." ज्याला कधी बैलाचं दावं धड बांधता आलं नाही, त्याचं ढिलेपण तुम्हाला झ्याक वाटलं! फळ्या त्याच्याकडं गेल्या. मला वर भुकटी वाळवायला आणि चाळायला बसवलंत. मुठीत घेऊन फुंकली की उडाली पाहिजे, गोळा झाली की वाया. पुढं तुमचा कमरेचा चामडी पट्टाही त्यालाच दिलात.

मग त्या दुपारी आत वायू पेटला. चार गडी भाजले, पण आग पुढं पसरली नाही. पलीकडच्या गल्लीतली माणसं आपल्या पायांनी वर आली. फळ्या उलटलेल्या सापडल्या. तेव्हापासून धाकटा दर लग्नात सांगतो, "माझ्या फळ्यांनी अख्ख्या पाळीची माणसं वाचवली." पण बाबा, वारं तर आगीच्या पुढं धावतं ना? फळ्या वाऱ्यानं पडल्या असतील, आणि आग तिथवर पोचायच्या आधीच, मी चाळलेल्या, खाली फेकलेल्या भुकटीत विझली असेल. पांढऱ्या केलेल्या भिंती कुठपर्यंत भाजल्या होत्या, हे तुम्ही आत जाऊन पाहिलंत. वर आलात, त्याच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि मला म्हणालात, "पाणी आण." बस, एवढंच. नंतर विचारायची माझी हिंमत झाली नाही.

काल हे घरात बोललो, तर तुमची थोरली सून म्हणाली, "आवो, फळीवरची भुकटी बी तुमीच चाळली, खालची बी तुमीच. मग कशाला जळून राहिलाव?" तिचं खरं आहे. पण ते तिनं सांगून काय होतं? तुम्ही म्हणायला हवं होतं.

आज सकाळी लातूरहून पुतणीचा फोन आला. धाकट्याला ताप भरलाय, कार्यक्रम पुढं जाईल बहुतेक. मी म्हणालो, जप त्याला. आणि फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगणार नाही, हा कागदही कुठल्या टपालपेटीत टाकता येत नाही. तरी स्वप्नात या, नाहीतर कसंही, पण आग फळ्यांपर्यंत पोचायच्या आधीच विझली होती की फळ्यांपाशी येऊन, एवढं लवकर कळवा.