टाकीच्या तळाशी चार बोटं

अण्णा, हे लिहायचं मी किती वर्षं टाळलं ते तुम्हाला सांगायलाही लाज वाटते. तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली. मधल्या काळात मी कॉलेज सोडलं, सहा-सात नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, खोल्या तर किती बदलल्या आठवतही नाही. सध्या के. आर. पुरमला राहते आणि अपार्टमेंटच्या जनरेटरना डिझेल पोचवणाऱ्या गाडीवर काम करते. हसू नका. बंकावरच्या, म्हणजे पेट्रोल पंपावरच्या माणसाची पोर, शेवटी तेलाच्याच वासात.

राजाजीनगरचा तुमचा बंक आठवतो, म्हणजे खरं तर समोरच्या इडलीवाल्याची चटणी जास्त आठवते, पण ते राहू दे. सकाळी तुम्ही जमिनीखालच्या टाकीत तेल मोजायची डिपची लांब काठी सोडताय, मी शाळेचं दप्तर घेऊन शेजारी उभी. ‘‘अण्णा, रेट तुम्ही वाढवता?’’ ‘‘मी नुसते बोर्डावरचे आकडे बदलतो गं. तेलाच्या विहिरीवाले देश ठरवून उपसा कमी करतात, कुठं लढाई लागते, इकडे रुपया घसरतो, वर सरकारचा कर. आणि लोकांची भीती आहेच. उद्या महागणार म्हटलं की जो तो आजच घ्यायला धावतो, मग ते आजच महागतं.’’ मला यातलं निम्मं कळायचं.

मग ती संध्याकाळ. मी तेरा वर्षांची. रात्री बारापासून भाव वाढणार होते, स्कूटरींची लाइन पार सिग्नलपर्यंत, आणि तुम्ही ‘नो स्टॉक’ची पाटी लावलीत. एक हेल्मेटवाला ओरडला, ‘‘एनु स्वामी, काय साहेब, उद्याच्या रेटनं विकायला लपवलंय होय? टाकी पोटाशी घेऊन झोपणार?’’ त्याला दाखवायला तुम्ही काठी बाहेर काढलीत, तर ती टोकाला चार बोटं ओली. आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, ‘‘अण्णा, आहे की पेट्रोल!’’ कुणीतरी तुमची कॉलर धरली. तुम्ही एवढंच म्हणत राहिलात, ‘‘आहे, पण येत नाही.’’ ते कोण ऐकणार? घरी मी तुम्हाला खोटारडे म्हणाले. तुमची थोरली, अक्का, माझ्या अंगावर धावून आली, ‘‘अण्णा खोटं बोलत नाहीत!’’ तुम्ही तिला म्हणालात, ‘‘सोड तिला, स्वल्प, थोडी मोठी होऊ दे.’’ पुढची तीन वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, मी बंकावर पाऊल टाकलं नाही.

गेल्या आठवड्यात एचएसआर लेआउटमध्ये एक जनरेटर बंद पडला. वॉचमन शपथेवर सांगतो, डिझेल आहे. मी काठी घातली, चार बोटं ओली. म्हातारा मेकॅनिक म्हणाला, ‘‘पाइप तळापर्यंत जात नाही अम्मा. खाली गाळ असतो, पाणी असतं, ते ओढलं जाऊ नये म्हणून वरच ठेवतात. तळचं दिसतं, येत नाही. पेट्रोल बंकातही तसंच.’’ मी तिथंच पायरीवर बसले. छातीवरचं काहीतरी एकदम उतरलं आणि मी हसतच सुटले. वॉचमन घाबरून पाणी घेऊन आला. मग वाटलं, विहिरींचंही असंच असणार. तेल खाली असतं, पण भाव चढला तरच खोलातलं काढायला परवडतं. उतरला की ते तिथंच राहतं. हे विचारायला तुम्ही हवे होतात.

अण्णा, तुम्ही लपवलं नव्हतं. आठवडाभर मला शांत झोप लागतेय.

पत्र कुठं टाकणार म्हणा. आणि आता दाराबाहेर अक्का उभी आहे, खिडकीतून दिसतेय, फोन न करता, दोन बस बदलून आलेली. आमचं वर्षभर बोलणं नाही. खरं सांगू? तुम्हाला लिहिणं सोपं गेलं. ‘तूच खरी होतीस’ हे तिला तोंडानं सांगायचं म्हटल्यावर मी अजून कडीच काढलेली नाही.