छत्तीस फुटी शांतता

३ जून
ट्रेलर आला, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. छत्तीस फूट लांब, पांढरा, बाजूला तपकिरी पट्टे. घरासमोर उभा केल्यापासून शेजारच्या लिंडग्रेनबाईंना खिडकीतून रस्ता दिसत नाही. तसं सांगायला आल्या होत्या. जळतात, दुसरं काय.

एप्रिलमध्ये बायकोच्या, जानेलच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दगदग नको, हात वर करायचे नाहीत, वजन उचलायचं नाही, शांत जागी भरपूर विश्रांती. तिचं म्हणणं होतं की बॉइझीला बहिणीकडे, कोरीनकडे जाते आणि तिच्या मागच्या खोलीत पडदे ओढून पडून राहते. पडदे! नँपा गावात माझं गाद्यांचं दुकान आहे. विश्रांतीतलं मला कोणी शिकवू नये. विश्रांती म्हणजे डोंगर.

ट्रेलरच्या बदल्यात जानेलची छोटी गाडी देऊन टाकली. तिला नाहीतरी सध्या चालवायला मनाईच आहे. सरप्राइज असल्यामुळे विचारता आलं नाही. ती बराच वेळ दारात उभी राहून गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. भारावली असणार.

१४ जून
दुकानाच्या पार्किंगमध्ये रिव्हर्सची प्रॅक्टिस. दिव्याचा खांब फार चुकीच्या जागी लावलाय. तशी तक्रार नोंदवली.

आमची मुलगी ब्रिन म्हणते, या उन्हाळ्यात तिला आइस्क्रीमच्या दुकानात काम मिळतंय, मैत्रिणीही तिथेच आहेत, तेव्हा ती ट्रिपला येणार नाही. सतरा वर्षांच्या पोरीला कुटुंब म्हणजे काय ते कळत नाही. येणार आहे.

१ जुलै
निघायचा दिवस ठरला. परवा. लोक म्हणतात चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाला, तंबू-ट्रेलर लावायच्या कॅम्पग्राउंडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. माझा हिशोब वेगळा आहे. आतषबाजी बघायला सगळे गावातच थांबणार, म्हणजे डोंगर रिकामे. हे कुणाला सुचत कसं नाही.

संकल्प: या ट्रिपमध्ये आवाज चढवायचा नाही.

३ जुलै
टँगल क्रीक कॅम्पग्राउंड. सगळं भरलेलं. एकच जागा शिल्लक होती, संडासाला लागून. इथली देखरेख ओडेल नावाच्या म्हाताऱ्या बाई करतात. त्या म्हणाल्या, एवढं मोठं धूड इथे कशाला आणलंत, भाऊ? मी म्हटलं, बायकोला विश्रांती हवी आहे. त्यांनी आधी जानेलकडे पाहिलं, मग ट्रेलरकडे, आणि जाऊन तिच्यासाठी खुर्ची घेऊन आल्या. खुर्च्या आमच्याकडेही आहेत. फक्त गादीच्या खाली आहेत. दुकानातली सगळ्यात भारी गादी आणली आहे. ती आत बसवल्यापासून बेडरूमचं दार लागत नाही आणि खालचा कप्पा उघडत नाही, पण आराम म्हणजे आराम.

संध्याकाळी तंबू-तंबूला जाऊन आवाज कमी करायला सांगितलं. काही जण नुसतेच बघत राहिले. एका तंबूत कुणीतरी पुस्तक वाचत होतं. त्यांनाही सांगून ठेवलं.

४ जुलै
ओडेलबाई आल्या. म्हणाल्या, अख्ख्या कॅम्पग्राउंडमधून आवाजाची एकच तक्रार आली आहे, तुमच्या जनरेटरची. मी समजावलं की तो एसीसाठी लागतो, आणि एसी यासाठी की खिडक्या बंद ठेवता याव्यात, आणि खिडक्या बंद यासाठी की लोकांचा आवाज येऊ नये. बाईंना तर्क झेपत नाही.

लोकांनी इथेच फटाके लावले. प्रत्येक धमाक्याला जानेल छातीवर हात ठेवत होती. ब्रिन तिच्या दोन्ही कानांवर उशी धरून बसली होती. मी बाहेर जाऊन ओरडलो. संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही, तो घरच्यांपुरता होता.

जानेल म्हणाली, घरी जाऊ या. मी म्हटलं, फटाके संपल्यावर वाटेल बरं.

५ जुलै
लिटल हॅचेट कॅम्पग्राउंड. आणखी वर, आणखी सुंदर. फाट्यावर पाटी होती, बावीस फुटांपेक्षा मोठे ट्रेलर आणू नयेत. असल्या पाट्या ज्यांना चालवता येत नाही त्यांच्यासाठी असतात.

रिव्हर्सला मागे कुणीतरी उभं राहून हात करावा लागतो. ब्रिनने केला तर मला राग येतो, कारण ती डोळे फिरवते. म्हणून जानेलला उभं केलं. दोन्ही हात वर, इकडे ये, थांब, तिकडे. डॉक्टरांनी हात वर करू नका म्हटलं होतं ते मला आठवत होतं, पण हा व्यायाम हलका आहे आणि वर हवा किती स्वच्छ. दुपार त्यातच गेली. लोकांनी खुर्च्या मांडल्या. एक तरुण पुढे येऊन म्हणाला, काका, किल्ली द्या, मी लावून देतो, काकूंना बसू द्या. असल्या आगाऊपणाला मी उत्तर देत नाही.

जेवायच्या लाकडी टेबलाचा एक पाय मोडला. टेबल रस्त्यातच होतं. शेवटी ट्रेलर लागला, थोडा तिरका. जानेल होती तिथेच मातीत बसली आणि बसूनच राहिली. निसर्गाशी एकरूप होणं म्हणतात ते हेच.

तिने हाक मारून जवळ बोलावलं आणि म्हणाली, "रूलन, मला फक्त झोपायचंय. कुठेही चालेल. फक्त तू मला कुठे नेऊ नकोस."

थकल्यावर माणूस असंबद्ध बोलतं. उद्या आणखी शांत जागा शोधायची.

६ जुलै
पेट्रोल भरताना पंपावरच्या एका माणसाने मोल्टर खिंडीतलं जुनं कॅम्पग्राउंड सांगितलं. त्याचे शब्द असे: तिकडे कुणी म्हणजे कुणी जात नाही. मला याहून मोठी शिफारस नको. ब्रिन म्हणाली, बाबा, कुणी जात नसेल तर त्याला काहीतरी कारण असेल. या पिढीत साहस उरलेलं नाही.

७ जुलै, सकाळ
निघालो. रस्ता मातीचा पण देखणा.

७ जुलै, दुपार
ट्रेलर अडकला आहे. एका वळणावर त्याचं तोंड पाइनच्या झाडाला आणि शेपूट चारीत. रस्ता पूर्ण बंद, माझी गाडीही त्याच्या वरच्या बाजूला कोंडलेली. यात माझी चूक नाही, वळण फार अचानक सुरू होतं.

थोड्या वेळाने खालून एक गाडी आली. त्यात एक जोडपं होतं, सामानात एकच तंबू. तोवर जानेलच्या छातीत दुखायला लागलं होतं. तसं ते सकाळपासूनच दुखत होतं म्हणे. ब्रिनने मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, तीनदा सांगितलं. इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नसेल.

त्या माणसाने फार बोलणं न करता आपली गाडी वळवली, मागच्या सीटवरचं सामान उचलून झाडाखाली ठेवलं आणि जानेलला आडवं केलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ब्रिन तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्याची बायको म्हणाली, मी इथेच थांबते, तुम्ही पुढे बसा, जागा आहे, चला लवकर.

मी विचार केला. तिथे मी काय करणार होतो? मी डॉक्टर नाही. इकडे ट्रेलरचे ब्रेक माझ्याशिवाय कुणाला समजत नाहीत. उतारावर असली वस्तू एका परक्या बाईच्या भरवशावर सोडून जाणं बेजबाबदारपणा झाला असता. मी म्हटलं, मी थांबतो. कुणीतरी थांबायला हवंच.

गाडीची काच खाली होती. ब्रिन म्हणाली, "बाबा, बस."

मी तिला ब्रेकचं समजावून सांगायला लागलो तेवढ्यात गाडी निघाली. ती बाईही धावत जाऊन पुढच्या सीटवर बसली. जानेलने मान वळवून पाहिलं नाही. झोपल्या झोपल्या मान वळवणं तिच्या तब्येतीला चांगलंही नाही.

८ जुलै
शांतता. मी म्हणत होतो ती हीच. पक्षीसुद्धा जपून बोलतात. फोनला रेंज नाही. जनरेटर लावला नाही, कारण तिरक्या उतारावर तो बंद पडतो. डब्यातले बीन्स थंडच खाल्ले. गादी एका बाजूला घसरली आहे, तिच्यावर झोपलं की माणूस भिंतीला जाऊन चिकटतो.

जानेल असायला हवी होती. तिला आवडलं असतं.

१० जुलै
त्या जोडप्याने खाली कळवलं होतं, म्हणून गाडी ओढणारा आला. जाडजूड, अबोल माणूस. त्याने साखळ्या लावून ट्रेलर बाहेर काढला. एका बाजूची भिंत झाडालाच राहिली. मी त्याला सांगितलं की हे त्याच्या ओढण्याच्या पद्धतीमुळे झालं. तो म्हणाला, इथपर्यंत आणलात कसा तेच मला कळत नाहीये, साहेब. कौतुकच होतं ते.

मुख्य रस्त्यावर आल्यावर फोनला रेंज आली. जानेलला लावला, कोरीनने उचलला. जानेल बॉइझीच्या हॉस्पिटलमध्ये आहे. हृदयविकाराचा झटका आला होता, लहान होता, वेळेवर पोचली. आता धोका नाही. मी म्हटलं, बघ, पहाडी हवेमुळे तग धरला.  कोरीन म्हणाली की डॉक्टरांनी तिच्यासाठी संपूर्ण शांतता सांगितली आहे, तेव्हा भेटायला येऊ नकोस. हे मी एप्रिलपासून सांगतोय, पण माझं श्रेय मला कधी मिळत नाही.

१९ जुलै
तरी जाऊन आलो. जानेल आता कोरीनकडे, मागच्या खोलीत आहे. पडदे ओढलेले. तिचा चेहरा चांगला दिसतो, गालाला रंग आला आहे. मी बाजूच्या खुर्चीवर बसून सगळा प्लॅन सांगितला. भिंत दुरुस्त करून सप्टेंबरमध्ये पुन्हा जायचं. शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी नसते. या वेळी मोंटाना.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "रूलन, त्या गाडीत जागा होती."

मी ब्रेकचं सांगायला लागलो. ती म्हणाली, "मी शुद्धीत होते. मला वाटलं मी मरतेय आणि तू मनात हिशोब करतोयस. तो संपायची मी वाट बघत होते. तो संपला, तेव्हाच आपलंही संपलं." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. खरंच झोपली. लगेच. इतकी गाढ की माझी खुर्ची सरकल्याचा आवाजही तिला आला नाही.

दुकानात मी रोज सांगतो, चांगल्या झोपेसाठी गादी महत्त्वाची. कोरीनकडची गादी अगदी साधी आहे. कुठल्या कंपनीची ते बघायला हवं.

२४ जुलै
ब्रिन येऊन कपडे घेऊन गेली. स्वतःचे आणि आईचे. हिवाळ्याचेसुद्धा. मी म्हटलं, अजून उन्हाळा आहे. ती म्हणाली, हो. आइस्क्रीमच्या दुकानातलं काम दुसऱ्या मुलीला मिळालं म्हणे. मी म्हटलं, त्याबद्दल मला दोष देऊ नकोस. तिने दिला नाही. दार हळूच लावून गेली. एरवी आपटायची. शिस्त लागतेय.

२ ऑगस्ट
ट्रेलर विकायला काढलाय, तो बघायला एक कुटुंब आलं. नवरा, बायको, तीन लहान मुलं. भिंतीच्या जागी मी प्लास्टिक ताणून लावलं आहे. नवऱ्याला पसंत होता. डोंगरात शांत जागी जायचं म्हणत होता. मी म्हटलं, उत्तम विचार, माझ्या बायकोला याच ट्रेलरमुळे शेवटी हवी तशी विश्रांती मिळाली. त्याच्या बायकोने माझ्या मागे घराकडे पाहिलं आणि विचारलं की त्या आहेत का घरी, बोलता येईल का. मी म्हटलं, बहिणीकडे गेली आहे. बाईंनी नवऱ्याचा हात धरला आणि मुलांना गाडीत बसायला सांगितलं.

९ ऑगस्ट
वकिलाचा फोन. जानेलचा वकील. सभ्य माणूस आहे, आवाज चढवत नाही. त्याला मी ब्रेकचं सविस्तर समजावून सांगितलं. तो म्हणाला, हे लिहून घेतो. कुणीतरी पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं.

१५ ऑगस्ट
रविवार असल्यासारखं वाटतं, पण रविवार नाही. घरात मी एकटा. डोंगरातसुद्धा नव्हती इतकी शांतता. फक्त स्वयंपाकघरातला फ्रीज घरघर करतो. आधी कधी ऐकू आला नव्हता. आता हॉलमध्ये बसलं तरी ऐकू येतो, गाद्या विकणाऱ्या माणसालाही झोपू देत नाही. कंपनीला फोन करून तक्रार केली. त्यांनी माणूस पाठवला. त्याने कान लावून ऐकलं आणि म्हणाला, साहेब, फ्रीज एकदम ठीक आहे, सगळे एवढाच आवाज करतात.

१६ ऑगस्ट
फ्रीज बंद केला.

१८ ऑगस्ट
दूध नासलं. एकट्या माणसाला दूध लागतं तरी किती.