रेवतीचा चहा

शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४

पुन्हा रेवती! सकाळी मोबाईल उघडला तर वाचकांच्या ग्रुपवर एकशे चाळीस निरोप. अडुसष्टाव्या वर्षी मी अंतराळयानावरून भांडते, हे शेजारी कळू नये.

भांडण तेच. 'ध्रुवयान' मालिकेच्या पाचव्या, शेवटच्या पुस्तकात रेवती यान वाचवण्यासाठी बाहेरच्या कक्षात थांबते, दार लावून घेते आणि मरते. लगेच पुढच्या पानावर ती टेबलाशी बसलेली! समोर चहा. शून्यक नावाच्या यंत्रमानवाला रागावते आहे. कुणालाच आश्चर्य नाही. थोड्या पानांनी ती पुन्हा नाहीशी, आणि यान तिच्याविना उतरतं. खुलासा शून्य. लेखक वारून तीस वर्षं झाली, विचारायचं कुणाला?

उत्कर्ष म्हणतो कालचक्र. ग्रुप त्याचाच. पुस्तक आता कुठंच मिळत नाही, म्हणून भूमच्या आमच्या वाचनालयातली एकुलती प्रत त्यानं पानन् पानाचे फोटो काढून सगळ्यांना दिली. परंड्याची सोनाली म्हणते, रेवतीचं भूत. विज्ञानकथेत भूत! तिला लिहिलं, "विधान मागे घ्यावे." घेतलं नाही.

माझं मत सर्वांना पाठ आहे. वाचनालयाच्या स्मरणिकेत तेरा पानांचा लेख आहे — 'रेवतीचा चहा'. गेलेलं माणूस लगेच जात नसतं. बाकीच्यांना ते आपल्या जागेवर दिसत राहतं, म्हणून लेखक खुलासा देत नाही. जिल्हा अधिवेशनात वाचला तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते. हजारो पुस्तकं हाताखालून गेली, माझ्या नावानं छापलेलं एवढं एकच.

रविवार, २९ डिसेंबर

ग्रुपवर नवे गृहस्थ. मुरुमचे शंभुलिंग अप्पा, कापडदुकानदार, पंचाहत्तरीचे. सून शिवप्रिया ग्रुपवर होतीच, तिनं आणलं. अप्पांनी ही पुस्तकं नवीन असताना विकत घेऊन वाचली होती. पुढं वाळवीनं खाल्ली.

आल्या आल्या लिहितात, रेवती मेली ती मेली. चहा ती मरायच्या आधी पिते. तुम्ही लोक काय वाचताय?

हसरी तोंडं तीस-पस्तीस. मी सभ्यपणे कळवलं — पुस्तक माझ्यापुढं उघडं आहे, अप्पा. त्यांचं उत्तर, "माझ्यापुढं न्हाय. पण डोक्यात हाय की."

डोक्यातलं पुस्तक! त्याला दाखल क्रमांक नसतो.

सोमवार, ३० डिसेंबर

येळवस, आमची वेळा अमावस्या. सगळे शेतात. डाळी-भाज्यांची भज्जी आणि आंबिल जरा जास्तच झालं. ग्रुप शांत. उत्कर्षनं कडब्याच्या खोपीचा फोटो टाकला, खाली 'आमचं ध्रुवयान'. हसू आलं. ताकीद दिली: विषयाला धरून लिहावे.

गुरुवार, २ जानेवारी २०२५

सोनाली आज चांगलं बोलली. चार पुस्तकं ही बाई ताऱ्यांवरून वाट काढते. कप्तान नुसता खिडकीतून बघतो. आणि पाचव्यात मरायचं हिनंच, म्हणजे त्याला शहाणपण सुचेल! हे लिखाण म्हणजे अन्याय आहे, म्हणाली.

हेच मी १९७८ साली कॉलेजात एका दुसऱ्या कादंबरीबद्दल उभी राहून म्हणाले होते. प्राध्यापकांनी "खाली बसा" एवढंच उत्तर दिलं. आज सोनालीला पन्नास अंगठे आले. काळ बदलतो म्हणायचा.

उत्कर्षनं कालचक्राची आकृती काढून टाकली. आमच्या बाजारतळाच्या नकाशासारखी दिसते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे शून्यकला दोन्ही काळ एकदम दिसतात. मी विचारलं, पुस्तकात असं कुठं लिहिलंय? म्हणे, लिहिलेलं नाही हाच पुरावा. या पोराला नोकरी कुणी दिली!

अप्पांचं एकच चालू — चहा आधी, चहा आधी. कुणी तरी त्यांचं चित्र करून टाकलं, डोक्यावर प्रश्नचिन्ह, खाली 'अप्पा, आज वार कोणता?' सगळे हसले.

मीही हसले.

शनिवार, ४ जानेवारी

शिवप्रियाचा फोन. दबक्या आवाजात बोलत होती.

अप्पा अलीकडे एखादं नाव विसरतात. महिन्यापूर्वी गिऱ्हाईकाला कापड एकदा देऊन पुन्हा द्यायला निघाले. तेव्हापासून घरात कुजबुज. अप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पण ते चित्र आल्यावर त्यांनी दुकानाच्या चाव्या देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवल्या. दोन दिवस दुकानात गेले नाहीत. मुलगा मल्लिकार्जुन चाव्या परत द्यायला गेला तर म्हणाले, "तूच बस बाबा. ज्याला वाचलेलं आठवंना, त्यानं गल्ल्यावर बसू ने."

"मावशी, डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, काळजीचं काही नाही. पण ते ऐकतच नाहीत. दिवसभर एकच वाक्य म्हणून बघतात. शून्यक म्हणतो, बाईसाहेब, चहा थंड होतोय. रेवती म्हणते, होऊ दे. हे खरं का हो? पुस्तकात आहे?"

आहे म्हणाले. फोन ठेवल्यावर खटकलं. आहे, पण असं सलग नाही.

रविवार, ५ जानेवारी

सकाळी सातला वाचनालय उघडायला लावलं. निवृत्त झाले म्हणून काय झालं!

रेवती मरते ते पान असं संपतं — 'दार बंद झालं आणि'. पुढचं पान — 'थंड होतोय. होऊ दे, रेवती म्हणाली.' या तुटक्या वाक्यावर माझ्या लेखात दीड पान आहे. अंतराळातली थंडी, मृत्यूचा स्पर्श, काय काय लिहिलंय!

आज अप्पांचं वाक्य घेऊन मागं मागं गेले. पन्नासेक पानं आधी एक पान संपतं — 'शून्यक म्हणाला, बाईसाहेब, चहा'. त्यापुढं भलतंच काही सुरू. तिथंही मी 'सूचक मौन' म्हटलं होतं.

मौन कसलं! पुस्तक सोळा-सोळा पानांचे फर्मे शिवून बांधतात. त्यातला चहाचा एक फर्मा उचलून मरणाच्या पानामागं लागलाय. तो जागेवर धरला की सगळी वाक्यं जुळतात. रेवती चहा पिते, रागावते, पुढं यान वाचवते, मरते. सरळ गोष्ट. अप्पांना शब्दन् शब्द आठवतं.

१९९६ साली पुस्तक खिळखिळं झालं म्हणून मीच सिद्धारामकडं बांधणीला दिलं होतं. कडा कापताना पानांचे आकडेही गेले होते. त्याबद्दल त्याला बोलले होते. वाचायला घेतलं ते बांधून आल्यावर, पण पानं लावून पाहिली नाहीत. एक दिवस उशिरा पुस्तक आणणाऱ्याला दारात उभं करणारी मी — पानं पाहिली नाहीत!

मंगळवार, ७ जानेवारी

कुणाला सांगितलेलं नाही.

बुधवार, ८ जानेवारी

स्मरणिका काढून लेख पुन्हा वाचला. चांगला आहे. हाच तर त्रास आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

शिवप्रियाचा निरोप: आज अप्पांनी दुकानाकडं जाणारा रस्ताच टाळला, मागच्या गल्लीनं मंदिरात गेले.

आंघोळ केली, चष्मा पुसला, ग्रुपवर लिहिलं. फर्मा मागं लागलाय. दोन्ही पानांचे फोटो. अप्पा पहिल्या दिवसापासून बरोबर होते. पन्नास वर्षांपूर्वी वाचलेलं त्यांना आठवलं, समोर उघडं पुस्तक मला दिसलं नाही. बांधणी माझ्या सहीनं स्वीकारली होती, चूक माझी. ज्यानं ते चित्र केलं त्यानं अप्पांची माफी मागावी. हसणाऱ्यांनीही. माझ्यापासून सुरुवात — अप्पा, माफ करा.

 मग उत्कर्ष: "ताई, म्हणजे कालचक्र?"

बाइंडिंग, असं कळवलं.

"आणि तुमचा लेख?"

रद्दी.

शुक्रवार, १० जानेवारी

रात्रीतून एकतीस माफ्या. सोनालीची सगळ्यांत लांब, त्यातही भुताचा मुद्दा सोडलेला नाही. चित्र करणारा उत्कर्षच निघाला! अप्पांना फोन करून बोलला म्हणे. बरं केलं.

रविवार, १२ जानेवारी

अप्पांचा आवाजी निरोप. मागं बाजाराचा गलका, कापड टरकन फाडल्याचा आवाज.

"मथुराताई, दुकानातून बोलतुय. चाव्या घेतल्या. मल्लिकार्जुनला म्हटलं, सरक. माफी बिफी कशाला... पर एक सांगतो. तुमचा लेख सुनेनं वाचून दाखवला. पुस्तक माझं बरोबर हाय, पर गोष्ट तुमची चांगली हाय."

तीन वेळा ऐकला. तपासायला.

सोमवार, १३ जानेवारी

भोगी. भाजी केली, तीळ लावून भाकरी केली, नीट जेवले नाही. राग सिद्धारामचा. तो आता परंड्याला मुलीकडं असतो. अठ्ठावीस वर्षांनी का होईना, जाब विचारायला पाहिजे. संक्रांत झाली की सकाळची एसटी. पुस्तक सोबत नेणार. फर्मा जागेवर लावून घेणार, समोर बसून.

बुधवार, १५ जानेवारी

जाऊन आले.

सिद्धाराम अंगणात उन्हाला बसला होता. ऐंशीच्या पुढं गेलाय. पुस्तक हातात दिलं, पान उघडलं, म्हटलं — ही चूक कशी झाली?

बोटानं शिवण चाचपली. मग म्हणाला, "चुकून न्हाय, बाई. बांधायच्या आधी मी वाचलं व्हतं. आमची कारभारीण धुरपदा त्याच सालात गेली. हितं ही रेवती बी मेली. मला बरं न्हाय वाटलं. चहाची पानं उचलून मागं घातली. म्हटलं, जरा बसू दे अजून."

आणि पानांचे आकडे?

"आकडं ठेवलं असतं तर तुमी सोडलं असतं व्हय?"

पुस्तक तसंच परत आणलं. येताना वाचनालयात गेले. सूचीतलं कार्ड काढलं आणि लेखकाच्या नावाखाली सिद्धारामचं नाव लिहिलं.